लोहगरुडाचं लॅमिनेशन

"सगळ्यालाच प्लास्टिक नको गं चढवत जाऊ, नूपुर. एखादी वस्तू राहू दे ना जशी आहे तशी!"

हे सासूबाई म्हणाल्या तेव्हा नूपुर आपल्या मुलीच्या, रितिकाच्या, जन्माच्या दाखल्याला लॅमिनेशन करून नुकतीच घरी आली होती आणि तो उजेडात धरून कसा चकाकतो हे घरभर दाखवत होती. तिनं सासूबाईंचं ऐकलं आणि सोडून दिलं. सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या बाईला साध्या कागदावर कोण कोण वस्तीला असतं हे माहीत असतं. सासूबाईंना, म्हणजे चारुशीलाबाईंना, ते दिसत नाहीत, म्हणून त्या सुखी आहेत, एवढंच.

पुढे शाळेच्या प्रवेशाच्या वेळी ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, लॅमिनेशन केलेला दाखला चालत नाही. शिक्का कुठे मारू?" महापालिकेच्या झोन ऑफिसात नवा दाखला मागितला, तर ते म्हणाले, आधी जुना रद्द करावा लागेल. रद्द करायला 'रद्द' असा शिक्का मारावा लागतो, आणि प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. साहेबांनी तीनदा मारला, तिन्ही वेळा तो त्यांच्याच मनगटावर उतरला. थोडक्यात, रितिकाचा जन्म सरकारदरबारी इतका पक्का झाला होता की तो आता रद्दही होईना. लसीकरणाच्या कार्डाचं तर बोलायलाच नको. त्याच्यावरच्या प्लास्टिकवर नर्सनं मार्करनं तारीख लिहिली आणि रितिकानं ती फ्रॉकनं पुसली. "पोरीचा बूस्टर डोस पुसल्या गेला," असं नूपुरचा नवरा अर्णव पुढे कित्येक दिवस पाहुण्यांना सांगत होता.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणी बाई धडा घेईल. नूपुर शहाणीच आहे. फक्त तिला काळजी वाटते, आणि काळजी वाटायला लागली की शहाणपण जरा बाजूला उभं राहतं.

तर आता ओमप्रकाशकाका. नागपूरच्या बेसा भागातल्या सोसायटीत नूपुरच्या फ्लॅटसमोरचं दार त्यांचं. मूळचे काटोलचे, संत्र्याचे व्यापारी. काकू गेल्या, आणि मुलगा पियूष बंगळुरूत. त्यानं वडिलांना इथे फ्लॅट घेऊन दिला, कारण दवाखाने जवळ पडतात. दवाखाने खरंच जवळ होते. माणूस म्हणावं असं मात्र कोणी नव्हतं, रितिका सोडून.

संध्याकाळी नूपुर घरून ऑनलाइन शिकवण्या घ्यायची आणि त्या वेळात रितिका काकांकडे असायची. दोन्ही घरांची दारं उघडी. नूपुर इकडे जिवाणूंचं वर्गीकरण शिकवत असायची आणि एक कान तिकडे. तो कान कधी तक्रार घेऊन आला नाही. जी मुलगी मोबाईल दिल्याशिवाय वरणभाताचा घास घेत नव्हती, ती काकांच्या सतरंजीवर तास तास मांडी घालून बसायची. कारण काकांकडे एक पत्र्याची सूटकेस होती.

सूटकेसमध्ये मुखपृष्ठं होती. जुन्या हिंदी कॉमिक्सची, नुसती मुखपृष्ठं. आत एक पान नाही.

त्याचं असं झालं होतं, की काका तरुणपणी वडिलांच्या अडतीवर, दलालीच्या पेढीवर, बसायचे तेव्हा संत्र्यांच्या पेट्यांना आतून लावायला नागपूरच्या इतवारी बाजारातून रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यात वर्तमानपत्रं, कोणाच्या परीक्षेचे पेपर, आणि मध्येच 'लोहगरुड'. निळा अंगरखा, लाल बूट, छातीवर पंख पसरलेला पक्षी, आणि दंड असे की जणू बाहीत दोन दोन संत्री कोंबलीत. मागे पेटलेलं शहर, वर हिरव्या तोंडाचा डॉक्टर अंधेरा, एका कोपऱ्यात उंचावरून पडत असलेली कोणीतरी बाई, आणि दुसऱ्या कोपऱ्यात पिवळ्या चांदणीत लिहिलेलं, 'साथ में स्टिकर मुफ्त'. स्टिकर कधीच नसायचं. अडतीवर बसून कॉमिक वाचणं वडिलांना खपलं नसतं. म्हणून तरुण ओमप्रकाश फक्त वरचं पान फाडायचा, चार घड्या घालायचा आणि बंडीच्या खिशात टाकायचा. आतली गोष्ट संत्र्यांना गुंडाळून दिल्ली-कलकत्त्याला निघून जायची.

"म्हंजे तुम्हाले गोष्ट माहीतच नाही?" रितिकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती काकांकडे जायला लागल्यापासून 'मले-तुले' करायला लागली होती, आणि त्याचीही नूपुरला काळजी वाटत होती.

"नाही ना बेटा! मले माहीत असती तं एकच गोष्ट राहिली असती. माहीत नाही म्हनून रोज नवी."

आणि मग काका ते पान घडीतच हातात धरायचे. चारातला एकच चौकोन वर. त्यात नुसते हवेत लोंबकळणारे लाल बूट.

"हे पाय कोनाचे?"

"लोहगरुडाचे!"

"मंग ते वर काहून चालले? उडून राहिला, का कोनी उचलून राहिलं?"

रितिका श्वास रोखायची. काका एक घडी उघडायचे, सावकाश, नाटकाचा पडदा उघडावा तशी. एक हिरवा हात दिसायचा. पुढची घडी उघडेपर्यंत वरणभाताचं अख्खं ताट संपलेलं असायचं. नूपुरला तिकडचं ऐकू यायचं, दिसायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण नूपुरची बाजू घ्यायची झालीच तर एवढीच आहे.

मग एके दिवशी रितिका शिंकली. एकदाच. पण काळजीवाल्या आईला एक शिंक पुरते. दुसऱ्या दिवशी नूपुर स्वतः तिला आणायला गेली आणि तिनं ती सूटकेस पहिल्यांदा आतून पाहिली. कोपऱ्यातून एक कसर सुळकन धावली. पानं पिवळी पडलेली, आणि घडीच्या रेघांवर रंग उडून लोहगरुडाच्या छातीवर पांढरा क्रूस उमटलेला. अजून थोड्या उघडझाकीत प्रत्येकाचे चार तुकडे होणार, हे तिला स्वच्छ दिसलं. या पानांवर तिची मुलगी जेवत होती. या पानांवर काकांचा दिवस निघत होता. कोणीतरी ती वाचवायला हवी होती, आणि सोसायटीत असल्या गोष्टी वाचवण्याची समज नूपुरखेरीज कोणाला होती?

योग जुळूनच आला. काका भाचीच्या लग्नाला काटोलला निघाले आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली नूपुरकडे देऊन गेले. परत येणार होते ते नेमके त्यांच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी. नूपुरनं तुळशीला पाणी घातलं आणि सूटकेस घरी आणली.

"विचारलं का त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"विचारलं तर सरप्राइज कसलं, आई?"

बेत असा होता, की सोसायटीच्या हॉलमध्ये काकांच्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन मांडायचं, केक कापायचा, काकांनी चार शब्द बोलायचे, आणि मुलांनी एक संध्याकाळ मोबाईलखेरीज काढायची. यात काही वावगं असेल तर सांगा.

हॉलसाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी म्हणजे कृष्णकांत पांढरीपांडे, शिक्षण खात्यातून निवृत्त, आणि निवृत्ती त्यांनी अजून मान्य केलेली नाही. त्यांनी चष्मा बदलून एकेक पान तपासलं.

"ह्या पानावरच्या बिजलीकन्येचा पोशाख..."

"काका, जुन्या काळची चित्रं आहेत ती."

"जुन्या काळी तर लोक जास्त कपडे घालत होते." त्यांनी ते पान बाजूला ठेवलं. "आणि हा मोटरसायकलवर विनाहेल्मेट? मुलं पाहतील ना!"

"तो उडू शकतो, काका."

"मग मोटरसायकल कशाला?"

शेवटी बिजलीकन्येला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कागदाची पट्टी आणि कार्यक्रमाला 'रंगसंगती : एक शैक्षणिक दालन' हे नाव, यावर परवानगी मिळाली. शिवाय एक अट. हॉलला नुकताच रंग दिलेला. खिळा नाही, टेप नाही, डिंक नाही. दोरी बांधा आणि चिमट्यांनी लटकवा.

आता चार घड्या पडलेला लुळा कागद चिमट्याला लटकवला की तो बंद होतो, वटवाघळासारखा. म्हणजे आधी घड्या मोडायला हव्या. नूपुर पानं घेऊन गच्चीवर गेली, उन्हात दडपून ठेवावी म्हणून. तिथे सोसायटीतल्या पुष्पलताबाई कुरडया घालत होत्या. नागपूरच्या मे महिन्यातलं ऊन हे सरळ करणारं ऊन नव्हे. बघता बघता लोहगरुडाची गुंडाळी झाली.

"उन्हानं काय होते वं!" पुष्पलताबाई म्हणाल्या. "इस्तरी फिरव. वरून ओला रुमाल ठेव. माह्या सुनेचा शालू पेटीत चुरगळला होता, असा केला मी, का दुकानातला वाटे!"

नूपुरनं इस्त्री फिरवली. ओला रुमाल, वाफ, वर दाब. एकेक घडी अशी गेली की काही विचारू नका. आयुष्यात इतकं समाधान तिला क्वचित मिळालं असेल. डॉक्टर अंधेऱ्याच्या गालाचा थोडा हिरवा रंग रुमालाला लागला, पण त्यानं तो उलट सज्जन दिसायला लागला.

आणि सरळ झालेली पानं तशीच सरळ राहावीत म्हणून... पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

चौकातल्या झेरॉक्सवाल्या ताराचंदनं एकदा विचारलं, "मॅडम, किनारी कापावी लागन. कापू?"

"कापा."

"मागून जाहिरात आहे साबनाची, ती दिसू देऊ का पुठ्ठा लावू?"

"पुठ्ठा लावा. कडक झालं पाहिजे."

मशीनमधून लोहगरुड गरम गरम बाहेर आला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आता याला कसर लागणार नाही, पाणी लागणार नाही, शिंक येणार नाही. ती पाहत राहिली आणि एकामागून एक सगळी सूटकेस त्या फटीतून गेली. घरी आल्यावर सासूबाईंनी एक पान बोटांनी वाजवून पाहिलं. आणि परत खाली ठेवलं. सासूनं असं काही वाजवून खाली ठेवलं की सुनेनं थांबून विचार करावा, पण नूपुरला केकची ऑर्डर द्यायची होती.

केकवाल्यानं गोंधळ घातला. त्याला चित्र पाठवलं होतं दोघांचं, त्यानं तोंड घेतलं अंधेऱ्याचं आणि अंग लोहगरुडाचं. हिरव्या तोंडाचा तारणहार क्रीममध्ये हसत होता. "असू दे," अर्णव म्हणाला, "खाताना वाईट वाटणार नाही."

काका आले ते थेट एस.टी.वरून, हातात लग्नाच्या बुंदीचा पुडा. त्यांना हॉलमध्ये आणलं. दिवे लागले, सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. दोरीवर रांगेनं लोहगरुड चकाकत होते. ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ प्रत्येकाच्या तोंडावरून गेली होती, त्यामुळे तोंड कोणाचंच नीट दिसत नव्हतं.

काका दारातच उभे राहिले. मग दोरीजवळ आले. एका पानाजवळ नाक नेलं. हुंगलं. नूपुरला वाटलं, डोळ्यांना कमी दिसतं म्हणून वाकले असतील.

पांढरीपांड्यांनी भाषण केलं. रंगसंगतीचे फायदे सांगितले. मग मुलं ओरडायला लागली, "काका, गोष्ट! गोष्ट!" आणि रितिका सगळ्यांच्या पुढे, ऐटीत मांडी घालून बसलेली, तिनं वर्गातल्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, माझे काका कशी गोष्ट सांगतात ते पाहा.

काकांनी चिमटा काढून एक पान हातात घेतलं. सवयीनं दोन्ही अंगठे मधोमध ठेवले आणि दाबलं. पान वाकलं आणि टप्पकन सरळ झालं. मुलं हसली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा टप्प. मोठी माणसंही हसली. त्यांना वाटलं हा गमतीचाच भाग आहे. काकांनी ते गुडघ्यावर ठेवून घडी घालून पाहिली. पुठ्ठा, प्लास्टिक, आत इस्त्री केलेला लोहगरुड. कोण वाकणार?

"काका, पहिले पाय दाखवा ना!" रितिका म्हणाली. "बाकीचं लपवा!"

काकांनी तळहातानं वरचा भाग झाकायचा प्रयत्न केला. हात पुरेना. इकडून झाकलं की तिकडून डॉक्टर अंधेरा दिसायचा, तिकडून झाकलं की पेटलेलं शहर.

"सारंच दिसून राहिलं बेटा," ते हळूच म्हणाले. "आता काय सांगू?"

हे फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेलं. पहिल्या रांगेच्या मागेच केकची सुरी घेऊन नूपुर उभी होती. तिला त्या क्षणी समजलं, की ज्यांना ती इतके दिवस खराबी समजत होती त्या घड्याच गोष्ट सांगत होत्या. तिनं त्यांच्यावर ओला रुमाल ठेवून, वाफ देऊन, वर दाबून इस्त्री फिरवली होती. स्वतःच्या हातानं, आणि तेही न विचारता. विश्वासानं दिलेल्या किल्लीनं आत जाऊन.

काकांनी पान परत चिमट्याला लावलं, नीट, सरळ. मग हात जोडले. "लय मेहनत केली नूपुर बेटीनं. आता याले काहीच होत नाही." टाळ्या पडल्या. ते एवढ्या सभ्यपणे म्हणाले, की त्यापेक्षा चार लोकांत त्यांनी तिला झापलं असतं तर तिनं आनंदानं ऐकून घेतलं असतं. केक कापला. हिरवं तोंड पांढरीपांड्यांच्या वाट्याला गेलं.

झोपताना रितिका एवढंच म्हणाली, "आई, तू त्याईले बंद करून टाकलं." नूपुरनं या वेळी तिची भाषा दुरुस्त केली नाही.

त्यानंतर नूपुरनं जे काही केलं ते सांगायला तिला अजून लाज वाटते, पण सांगायलाच हवं. लॅमिनेशन कसं काढायचं याचे व्हिडिओ पाहिले. एकात म्हणाले, ड्रायरनं गरम करा, अलगद सुटतं. एक पान तिनं गरम केलं. ते अलगदच सुटलं. लोहगरुड प्लास्टिकबरोबर गेला, त्याचे बूट तेवढे कागदावर राहिले. ते दोन्ही भाग तिनं कपाटात साड्यांखाली ठेवलेत. दुसऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

मग ती इतवारीत गेली. हातगाड्या, टेंपो, धान्याची पोती ओलांडत रद्दीवाल्यांकडे विचारत फिरली. "कॉमिक?" एकजण म्हणाला, "ते तं मोबाईलमधी गेले ना मॅडम. पुठ्ठे पाह्यजे का, पार्सलचे? लय आहेत." पुठ्ठा हा शब्द ऐकताच ती तिथून निघाली.

शेवटी तिनं इंटरनेटवरून तसंच एक चित्र छापून आणलं, स्वतः चार घड्या घातल्या, घड्यांवरून नख फिरवलं, आणि माफी मागायला काकांच्या दारात गेली. काय बोलायचं ते पाठ केलेलं. काकांनी दार उघडलं, पान घेतलं, "छान आहे बेटा," म्हणाले. तिचं पाठांतर सुरू व्हायच्या आत ते म्हणाले, "लग्नात दगदग झाली. जरा पडतो." आणि दार लावलं. हळूच, आवाज न करता. रितिका संध्याकाळी गेली तर तिलाही तेच. "आज नाही बेटा." दुसऱ्या दिवशी रितिकाला जायचंच नव्हतं. आता ती परत मोबाईल पाहत वरणभात खाते.

नूपुर आपल्या दाराच्या भोकातून समोर पाहते. हे चांगलं नाही, सासूबाईही म्हणतात, पण तिच्यानं राहवत नाही. दुधाची पिशवी सकाळी दाराच्या कडीला लटकते. पूर्वी काका ती उजाडताच आत घ्यायचे, हल्ली ऊन जिन्यापर्यंत येतं तरी ती तिथेच. मग दार फटीएवढं उघडतं, हात येतो, पिशवी जाते. पियूषचा बंगळुरूहून फोन आला होता, "बाबा ठीक आहेत ना, वहिनी? फोनवर दोन शब्द बोलतात आणि ठेवतात." नूपुर म्हणाली, "ठीक आहेत." कारण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"जा ना गं, बेल दाब," सासूबाई म्हणतात. नूपुर जाते. बेलवर बोट ठेवते. पण आता तिला पाहून ते पुन्हा हात जोडतील आणि पुन्हा म्हणतील, लय मेहनत केली, या भीतीनं ती परत फिरते.

म्हणून तिची एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी बेशाकडे राहत असेल, किंवा कामानं जात असेल, तर जरा त्या सोसायटीत चक्कर टाका. दुसरा मजला, डावीकडचं दार, कडीला दुधाची पिशवी लटकत असेल. थोडा वेळ थांबावं लागेल, ते हळू उठतात. पाणी मागा, बसा, काटोलची अडत कशी होती ते विचारा. जेवले का तेही विचारा. दोनदा विचारा, पहिल्यांदा हो म्हणतील. आणि कसे आहेत ते समोरच्या दाराला येऊन सांगा. नूपुर दाराशीच उभी असते.